उन्हाळ्यात धुतलेले फोटो

माझ्याकडे कोणी जुने फोटो घेऊन आलं की पिशवीतून सगळ्यात जुना फोटो आधी बाहेर निघतो. पणजोबांचा, फेटा बांधलेला, खुर्चीत ताठ बसलेला. फोटो स्वतःच शंभरीच्या जवळ पोचलेला. हातात घेतल्यावर बहुतेक वेळा लक्षात येतं की याची तशी काळजी नाही. कडेनं चांदीसारखी झाक आलेली असते, एखादा कोपरा कसरीनं खाल्लेला असतो, पण चेहरा, मिशीचा पीळ, उपरण्याचा काठ सगळं जागेवर. त्याच पिशवीच्या तळाशी १९८० च्या आसपासच्या लग्नाचा अल्बम पडलेला असतो आणि तो दाखवावा असं कोणाला वाटत नाही. नवरीचा शालू हिरवा होता हे आता नवरीनंच सांगायचं. फोटोत मांडव, मुंडावळ्या, पंगतीतली माणसं, सगळंच विटकरी लाल.

"मॅडम, आमच्या बुढ्याचा फोटो तसाच हाय, अन् आमच्या लग्नाचेच काहून असे झाले जी?" असं एका काकांनी मला विचारलं. ते संत्र्याचे बागायतदार, फोटोशास्त्राशी त्यांचा काही संबंध नाही. पण छायाचित्रांच्या जतनावर आपल्याकडे जे काही संशोधन व्हायचं आहे, त्याची सुरुवात काकांच्या याच प्रश्नापासून व्हावी असं मला मनापासून वाटतं.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर त्याच बाजूनं देते. कृष्णधवल फोटोतलं चित्र जिलेटिनच्या थरात बसलेल्या चांदीच्या बारीक कणांचं असतं. चांदीला गंधक बाधतो, ओल बाधते, खराब हवा बाधते. नुसत्या उष्णतेनं तिचं फारसं बिघडत नाही. रंगीत फोटोत चांदी धुताना काढून टाकतात आणि मागे उरतात ते सायन (हिरवट निळा), मजेंटा (जांभळट गुलाबी) आणि पिवळा असे तीन सेंद्रिय रंग. ते अंधारातही मोडतात, कुलूपबंद पेटीतही मोडतात, आणि मोडण्याचा वेग मुख्यतः तापमानावर ठरतो. ढोबळ हिशेब असा, की दर पाच-सहा अंश वाढले की आयुष्य निम्मं. त्या काळच्या बऱ्याच कागदांत अंधारात सायन सगळ्यात आधी जायचा, म्हणून अल्बममधला फोटो लाल होतो. भिंतीवर टांगलेल्या फोटोत उजेडानं बहुधा मजेंटा आधी उडतो, म्हणून तो फिका, हिरवट-निळसर दिसतो. एकाच लग्नाचे असे दोन फोटो शेजारी ठेवले की बारावीच्या पोरांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडचं तापमान बघा. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या वर जाणं ही बातमीसुद्धा होत नाही. टिनाच्या छताखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. आणि जुने अल्बम असतात कुठे? माळ्यावर, लोखंडी पेटीत, रजयांच्या खाली. रंगीत फिल्म टिकवायची तर शून्याच्या आसपास किंवा त्याखाली ठेवा, असं आंतरराष्ट्रीय मानकं सांगतात. ती बरोबर आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण तिथपासून आमच्या माळ्यापर्यंत मधे जी मोठी जागा रिकामी आहे, तिच्यावर कोणीतरी काम करायला हवं.

बाबांचा स्टुडिओ वरूड तालुक्यातल्या आमच्या गावी, आठवडी बाजाराच्या रस्त्यावर होता. साठच्या दशकात सुरू झाला, डिजिटल आल्यावर काही वर्षांत बंद पडला. मागे राहिली लोखंडी कपाटं, त्यात कागदी पाकिटांतले निगेटिव्ह, आणि वह्या. प्रत्येक वहीत तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, गाव, निगेटिव्हचा नंबर, कॉपी किती, आगाऊ रक्कम किती. बाबा ही वही रोज रात्री पूर्ण करायचे, लाइट नसली तर कंदिलाजवळ बसून. या वह्यांनीच मला एक गोष्ट दाखवली, जी मी अजून कुठल्या पुस्तकात पाहिलेली नाही.

डार्करूममध्ये नळ नव्हता. जुना कागदी प्रिंट, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेला, हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या गंधकयुक्त द्रावणातून, काढल्यावर वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो. नाहीतर कागदाच्या धाग्यांत हायपो अडकून राहतो, त्यातला गंधक हळूहळू चांदीला धरतो आणि फोटो पिवळट-तपकिरी होऊन विरत जातो. हे पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते असं, की वाहतं पाणी आमच्याकडे जुलैपासून दिवाळीपर्यंत. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसायचा, पाणी बैलगाडीवरच्या ड्रमनं यायचं, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच. बाबा घंगाळात प्रिंट बुडवायचे, पाणी जमेल तितक्यांदा बदलायचे, आणि तेच पाणी शेवटी अंगणातल्या झाडांना जायचं. घरात प्यायला पाणी मोजून असताना फोटोला तासभर पाणी कोण सोडणार?

तर बाबांच्या खोक्यात वाया गेलेल्या प्रिंटही होत्या, मागे पेन्सिलीनं नंबर टाकलेल्या. नंबर वहीत शोधला की महिना कळतो. उरलेला हायपो ओळखायची एक जुनी, साधी चाचणी आहे: सिल्व्हर नायट्रेट आणि ॲसिटिक ॲसिडच्या द्रावणाचा एक थेंब प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर टाकायचा, दोन मिनिटं थांबायचं, टिपून घ्यायचं. हायपो जितका जास्त, तितका डाग गडद. दोन्ही रसायनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतातच. ऑगस्टमधल्या प्रिंटवर डाग जेमतेम सायीच्या रंगाचा उठला. मे महिन्यातल्या प्रिंटवर थेंबाच्या कडेनं आधी पिवळी रेघ आली, मग आतला भाग भरत गेला आणि टिपेपर्यंत कोऱ्या चहासारखा झाला. ही चाचणी कायमचा डाग ठेवते, म्हणून ती चांगल्या फोटोवर करायची नाही. आणि एका स्टुडिओच्या रद्दीवरून निष्कर्षही काढायचा नाही. पण मोर्शी, काटोल, नरखेड, आर्वी, पुसद, दारव्हा अशा गावांतल्या जुन्या स्टुडिओंच्या वाया गेलेल्या प्रिंट आणि वह्या एकत्र आल्या, तर उन्हाळ्यात धुतलेले फोटो खरंच आधी जातात का हे ठामपणे सांगता येईल. तसं असेल, तर कुठल्या खोक्याकडे आधी धावायचं हे वहीतल्या तारखेवरून ठरवता येईल. याला मोठी यंत्रं लागत नाहीत.

निगेटिव्हची गोष्ट वेगळी आणि जास्त घाईची. कपाट उघडल्यावर व्हिनेगरचा भपकारा आला तर समजावं, सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म मोडायला लागली आहे. बाहेर पडणारं ॲसिटिक ॲसिडच पुढचं मोडणं वेगानं करतं, आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही ओढतं. मग फिल्म आक्रसते, वाकते, वरचं जिलेटिन सुरकुततं. अमेरिकेत रॉचेस्टरला इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. तिच्या अभ्यासानुसार २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत नव्या ॲसिटेट फिल्मला हा रोग सुरू व्हायला साधारण ४० वर्षं लागतात. आपल्याकडे वर्षाची सरासरीच सत्तावीसच्या घरात. वरचा दर पाच-सहा अंशांचा हिशेब इथं लावला, तर ती मुदत निम्म्यावर येते. म्हणजे बाबांनी सत्तरच्या दशकात काढलेल्या निगेटिव्हची मुदत कधीच उलटून गेली. तरी कपाटातली काही पाकिटं चांगली आहेत, काही गेली. का? कागदी पाकिटानं वाफ बाहेर जाऊ दिली म्हणून? खालचा खण थंड होता म्हणून? फिल्मची घडण वेगळी म्हणून?

त्याच संस्थेनं ॲसिड मोजायच्या रंगीत पट्ट्या काढल्या आहेत: निळी, मग हिरवी, मग पिवळी. त्या परदेशातून मागवाव्या लागतात. त्यांतलं मुख्य रसायन ब्रोमोक्रिसॉल ग्रीन, जे आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ल ओळखणारं निर्देशक म्हणून ठेवलेलं असतं. गाळणकागदाच्या पट्ट्या त्यात भिजवून, वाळवून मी निगेटिव्हच्या डब्यांत एकेक दिवस ठेवते. त्या प्रमाणित नाहीत, त्यांवरून आकडा सांगता येत नाही. पण कुठला डबा वेगळा काढायचा हे नक्की कळतं. एखाद्या विद्यापीठानं अशा स्वस्त पट्ट्या नीट तपासून, प्रमाणित करून जिल्ह्याजिल्ह्यातल्या वाचनालयांना दिल्या तर केवढं काम होईल.

यातच एक प्रश्न अडकलेला आहे, जो परदेशी प्रयोगशाळा आपल्यासाठी सोडवणार नाहीत. कोडॅक, अग्फा, इलफर्ड यांच्या मालावर दशकानुदशकं अभ्यास झाला. पण बाबांच्या खोक्यांवर बहुतेक ठिकाणी 'इंदू' लिहिलेलं आहे. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स, सरकारी कारखाना, १९६० मध्ये स्थापन झालेला. आयात बंद असायची, परवडायची नाही, तेव्हा खेड्यापाड्यातल्या स्टुडिओंनी याच फिल्मवर आणि याच कागदावर एक अख्खा काळ टिपला. कारखाना बंद पडला. त्या फिल्मचा पाया कुठल्या वर्षी कशाचा होता, जिलेटिन किती कडक केलेलं होतं, कागदात काय होतं, हे सांगू शकणारे तिथले तंत्रज्ञ आता म्हातारे झाले असतील. त्यांच्याशी बोलणं, कागदपत्रं मिळवणं, वेगवेगळ्या वर्षांचे नमुने जमवून तपासणं, हे मी यादीत सगळ्यात वर ठेवीन. लखनौला सांस्कृतिक संपदेच्या जतनासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, १९७६ पासूनची. असं काम अशाच ठिकाणी शोभेल.

ॲसिटेटच्या आधीची, सेल्युलोज नायट्रेटची फिल्म आमच्या बाजूच्या स्टुडिओंत क्वचित. बहुतेक स्टुडिओ त्या फिल्मचा काळ संपल्यावर सुरू झाले. पण १९५० च्या आधीची फिल्म सापडली तर ती घरात, देवघराजवळ ठेवू नका. ती भयंकर पेट घेते.

आता कूलर. हा विषय निघाला की मला राहवत नाही. जतनाच्या पुस्तकांत दोनच खोल्या असतात: एसीची आणि बिनाएसीची. विदर्भातली खोली तिसरी आहे. मार्च संपला की खिडकीला कूलर लागतो आणि मृग येईपर्यंत चालतो. बाहेरची हवा एवढी कोरडी असते की दुपारी ओठ फुटतात, आणि आत कूलर तासागणिक लिटरनं पाणी हवेत सोडत असतो. रात्री खोली दमट, सकाळी कूलर बंद केला की दुपारपर्यंत परत कोरडी. जिलेटिन ओल धरलं की फुगतं, सुकलं की आक्रसतं; कागद वेगळ्या प्रमाणात, पुठ्ठा आणखी वेगळ्या. आणि बैठकीत कूलरच्या समोरच्या भिंतीवरच सगळे फोटो: तुकडोजी महाराज, गाडगेबाबा, आजी-आजोबा, मुलाची पदवी. पावसाळ्यात तर माझ्या आर्द्रता मोजायच्या मीटरचा आकडा दिवसेंदिवस सत्तरच्या खाली येत नाही, आणि पासष्ट-सत्तरच्या वर गेलं की जिलेटिनवर बुरशी धरते. थेट काचेला चिकटवलेला फोटो असेल तर ओलं जिलेटिन काचेलाच धरतं, मग तो सोडवताना चेहराच काचेवर येतो. फ्रेमच्या मागे कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं, तेवढ्याच भागावर पुढे गोल डाग. हे मी एवढ्या घरांत पाहिलं आहे की त्याचा पद्धतशीर अभ्यास व्हावा असं वाटतं. कूलरच्या खोलीत वर्षभर आर्द्रता कशी हलते? काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची पट्टी घातली तर किती फरक पडतो? फ्रेम भिंतीपासून बोटभर पुढे टांगली तर? गोष्टी साध्या आहेत, पण मोजून सांगितल्याशिवाय लोकांनी का ऐकावं?

आमच्या जुन्या घराचं माजघर मातीच्या जाड भिंतींचं, वर कवेलू आणि मधे लाकडी माळा. तिथं मीटर ठेवला तर दिवस-रात्रीचा फरक स्लॅबच्या खोलीपेक्षा फार कमी दिसतो. डेन्मार्कमध्ये संग्रहालयांनी जाड बांधणीची, थोडीशी ओल काढून घेणारी, जवळजवळ विजेशिवाय चालणारी कोठारं उभारली आहेत. आपल्याकडे तशा भिंती होत्या, अजून काही उभ्या आहेत, आणि घरकुल मंजूर झालं की आधी त्याच पाडल्या जातात. कुठल्या गावात कुठल्या खोलीत फोटो सगळ्यात चांगले राहतील, याचा नकाशा करण्याएवढं हे काम मोठं आहे.

थंडाव्याबद्दलही आपल्याकडे एक गोष्ट आहे. संत्र्याची कोल्ड स्टोरेजं. तापमान सहा-सात अंश, आर्द्रता नव्वदच्या आसपास. एवढी ओल फिल्मला मारक, खरं. पण फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत निगेटिव्ह दुहेरी, हवाबंद पिशव्यांत नीट भरले, मधे पुठ्ठा घातला, तर बाहेरची ओल आत शिरायची नाही. बंद पिशवीतली फिल्म गारठ्यात ठेवायची पद्धत परदेशात तपासलेली आहे. इथं तपासायचं ते हे की आमच्या भागात वीज गेल्यावर खोली किती तापते, पिशवी उघडताना दव धरतं का, कुठली पिशवी किती वर्षं ओल अडवते. आयुष्य कागदावरच्या हिशेबानं दहा पटीहून जास्त वाढतं. एका कोपऱ्यात दोन खोकी ठेवायला कोल्ड स्टोरेजवाले नाही म्हणणार नाहीत, मी एकांना विचारलं आहे आणि ते हो म्हणाले.

मोवाडचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं ते गाव धुऊन नेलं, दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या घरांतले अल्बमही गेले. तिथल्या एका बाईंनी जपून ठेवलेला गठ्ठा मी पाहिला आहे: ओले फोटो एकावर एक तसेच वाळले आणि एकच वीट झाली. तिच्यात कुठंतरी त्यांची आई आहे. ओला गठ्ठा वाळू द्यायचा नसतो. स्वच्छ गार पाण्यात ठेवून एकेक सुटा करायचा, चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवायचा, आणि दोन दिवसांत उरकत नसेल तर गोठवून ठेवायचा, म्हणजे बुरशीला वेळ मिळत नाही. एकदा वाळून वीट झालेला गठ्ठा परत सोडवता येईल का, कुठल्या कागदाचा येईल, कुठल्याचा नाही, यावर काम झालं तर त्या बाईंना मी काहीतरी ठोस सांगू शकेन. आज सांगता येत नाही.

पिशव्यांबद्दल थोडक्यात. बाजारातल्या अल्बमची पारदर्शक पानं पीव्हीसीची असली तर ती फोटोला खातात. तांब्याची तार लाल तापवून त्या प्लास्टिकला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरिन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. हे उघड्यावर करा, धूर वाईट असतो. पुठ्ठे आणि पाकिटं फोटोला बाधतात का, याची एक प्रमाणित चाचणी आहे: ७० अंश आणि ८६ टक्के आर्द्रतेत पंधरा दिवस. आपल्याच स्टेशनरीच्या दुकानातला बटर पेपर, हातकागद, झेरॉक्सचा कागद या चाचणीतून कोणी काढला आणि निकाल मराठीत छापला, तर महागडी आयात पाकिटं न घेताही भागेल.

आणि आधी कोणते वाचवायचे? जवळच सेवाग्राम. गांधीजींच्या नात्यातल्या कनू गांधींनी तिथं फ्लॅश न वापरता, बापूंना पोझ द्यायला न सांगता फोटो काढले, बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून घेतलेल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यावर. त्या फोटोंचं मोल जगाला माहीत आहे, त्यांच्यामागे माणसं उभी राहतील. मी बोलते आहे पासपोर्टच्या निगेटिव्हबद्दल. बाबांच्या कपाटात सगळ्यात जास्त तेच आहेत आणि संग्राहक त्यांना हातही लावत नाहीत. निराधार योजनेच्या अर्जासाठी, बँकेच्या खात्यासाठी तालुक्याला आलेल्या बाया, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडे न बघता भिंतीकडे बघणाऱ्या. कितीतरी घरांत त्या बाईचा जन्मभरात काढलेला तो एकच फोटो. अर्जावरची कॉपी सरकारी फायलीत गेली. निगेटिव्ह इथं आहे, त्याला वास यायला लागला आहे, आणि नातवंडं नंबर विचारत येतात. वहीत सापडला तर मी स्कॅन करून देते, पण स्कॅन मोबाइलवरून पाठवला की आकसतो, आणि मोबाइल बदलला की जातो. म्हणून पाकिटात एक कागदी प्रिंटही घालते.

येत्या मे महिन्यात कॉलेजची काही मुलं गावातल्या घरांत मीटर लावणार आहेत: कूलरची बैठक, माजघर, टिनाचा माळा. तुमच्या गावात स्टुडिओ बंद होत असेल तर कॅमेरे आणि स्टँड घेणारे पुष्कळ मिळतील, तुम्ही आधी वह्या मागा. नंबर नसलेल्या निगेटिव्हचं पुढे कोणाला काही करता येत नाही. वाया गेलेल्या प्रिंटचं खोकं कोणी चुलीत घालत असेल तर तेही मागून घ्या, आणि मागे पेन्सिलीनं नंबर आहे का तेवढं बघून ठेवा.